जग आणि जग

१४ जुलै, रात्री

काल बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. इंग्रजीबद्दल काय वाटतं ते मराठीतच लिहा, नाव घालू नका, एवढंच सांगितलं. रात्री वाचत बसले. बहुतेकांनी ‘नोकरीला लागतं’, ‘एमपीएससीला लागतं’ असं लिहिलेलं. काहींना विषय निघाला की पुरे. एक चिठ्ठी मात्र हातातून ठेववेना : ‘मॅडम, मला समजतं सगळं. पण तोंड उघडलं की मागून म्हणतात, बघा, इंग्लिश झाडायली.’

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा कंटाळा असतो, असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जातं. मला ते कधीच पटलं नाही. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. मी पाचवीत एबीसीडी गिरवली. ही मुलं बारा वर्षं शिकून आली आहेत. पण बारा वर्षं काय केलं? सरांनी धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, उत्तरं गाईडमधून उतरवायची. इंग्रजी डोळ्यांखालून गेलं, कानावर फारसं पडलंच नाही. त्या लाजेला आपण कंटाळा म्हणून मोकळे होतो, याचा मला राग येतो.

आज फळ्यावर ‘जग’ लिहिलं. शेजारी पुन्हा ‘जग’. पहिलं दुनिया या अर्थाचं, दुसरं ‘सुखानं जग’ मधलं. वाचा म्हटलं. सगळ्या वर्गानं दोन्ही ‘ज’ वेगवेगळे आणि अचूक उच्चारले. अक्षर तेच, मग हा फरक कोणी शिकवला? कोणालाच सांगता येईना. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, घरात बोलतेत तसंच बोलतो की आपण.” तेच तर. मग पुस्तक मिटायला लावलं आणि अर्धा तास नुसतं ऐकायचं, पाठोपाठ म्हणायचं. सुरुवातीला खसखस पिकली. सगळेच मोठ्यानं म्हणायला लागल्यावर हसायला कोणी उरलं नाही.

तास सुटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी दाराशी थांबली. वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीनं देवनागरी उच्चार, बारीक, नेटक्या अक्षरात. एका शब्दाखाली ‘इसलँड’ होतं. मी तो शब्द एकदा म्हटला. तिनं हळूच ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला, मग मोठ्यानं म्हटला. ‘इसलँड’ खोडलं आणि माझ्यासमोर लिहिलं, ‘आयलंड’.

चिठ्ठी तिचीच होती का, ते मी विचारलं नाही.