धोप, मुठीचा भाग ३: घावलं एकदाचं!
तीन रात्री सोल्डरिंगला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मागचं वाचलेल्यांना माहीत आहे, भाच्यासाठी एलईडी आणि आवाजवाली धोप, म्हणजे सरळ पात्याची मराठा तलवार, बनवतोय: एक इंची पीव्हीसीची मूठ, ८० सेंमीचं सरळ पातं (पाइप वाकवायचा ताप नको म्हणूनच धोप धरली), आत मीटरला ६० एलईडीवाल्या दोन स्ट्रिप पाठीला पाठ लावून, म्हणजे ९६ एलईडी. भगवा झक्कास चालायचा. पण वार केला की पातं पांढरं लखलखायला पाहिजे, तर एकदाच लखकन उजळून सगळं ठार, आवाज नाही, नॅनोचा (आतल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा) दिवासुद्धा नाही. स्विच बंद करून परत लावला की जसं काही झालंच नाही!

मला वाटलं लूज कॉन्टॅक्ट, कारण मुठीत सगळं कोंबलंय की. सगळं उपसलं, वायरी बदलल्या, परत भरलं, परत तेच. शेवटी टेबलावर उघडं ठेवून बघितलं तरी तेच, तेव्हा मीटर घेतला. सेलवर ३.९ व्होल्ट, चार्जिंग बोर्डाच्या आउटला शून्य. म्हणजे सेल जिवंत, मधलंच कोणतरी दार लावतंय. टीपी४०५६ च्या या बोर्डावर डीडब्ल्यू०१ ची प्रोटेक्शन चिप असते ना, ती ३ अँपच्या आसपास लाईन तोडते आणि लोड काढेपर्यंत जोडत नाही. एक एलईडी फुल पांढरा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण, ६० मिलीअँप, ९६ चे झाले पावणेसहा अँप. भगव्यात लाल पूर्ण आणि हिरवा पाव, म्हणून २.४ अँपवर भागत होतं. हा हिशेब आधी करायला काय धाड भरली होती मला!

प्रोटेक्शन बायपास कर म्हणून कोणी सांगू नका, भाच्याच्या हातात जाणार आहे ती. आता पांढरे फक्त मधले १६, बाकीचे तेवढ्यापुरते विझतात, वर फास्टएलईडीत (एलईडी चालवायची कोड लायब्ररी) १५०० मिलीअँपची मर्यादा. काल गच्चीवर शंभरेक वार केले, एकदाही मेली नाही, खालनं आई ओरडली ते वेगळं.

स्पीकर २८ मिमीचा आणि पाइप आतनं साडेसव्वीस. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आतनं तासून मागितला तर लेथवाला म्हणाला ‘आगंगिल्ल री’ (होत नाही हो), चकमध्ये धरला की पाइप दबतोय. बरोबर होतं त्याचं. मग साधा इंची कपलर (पाइपला पाइप जोडायचा तुकडा) लावला, आतनं ३३, फोमचा एक वेढा देऊन स्पीकर गच्च बसला, वरनं मुठीची चकती. लेथ कशाला पाहिजे होता!

सेल जुन्या लॅपटॉप बॅटरीतला, २६०० एमएएचचा. ९८०० एमएएच छापलेले ते रंगीत सेल घेऊ नका, या साइजमध्ये साडेतीन-चार हजाराच्या आसपासच खेळ संपतो.

पण १५०० मिलीअँपनं ओढला तर पावणेदोन तास, आणि आपली वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पहाटेपर्यंत. दर वेळी मूठ उघडायची? थांबा, हे टाईप करतानाच सुचतंय, धोपेला चकतीच्या मागं गज, म्हणजे बारका दांडा, असतोय की! तो पाऊण इंची पाइपचा केला तर आतनं २१ मिमी मिळतात, सेल १८ चा. आट्याचं फिटिंग लावायचं, टॉर्चसारखा फिरवून सेल बदलायचा. आवाजाला चकतीच्या कडेनं भोकं.

म्हणजे कपलर जाऊन तिथं रिड्यूसर (मोठ्या पाइपला बारका जोडायचा तुकडा) आला. आणि कपलर कालच सोल्युशन लावून पक्का चिकटवलाय. हॅक्सॉ कुठं ठेवलाय बघतो.