तुम्ही विचारलंत म्हणून : आता कशाला?

परवा इथे इंदूरला सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात मी पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढली आणि स्टीलच्या डबीतले दोन लाडू. एक ह्यांना, एक मला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई ओळखीच्याच. हसून म्हणाल्या, "आता कशाला हो हे सगळं? मुलगा एवढा..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कुणीच करत नाही.

सून विचारते, भाचा विचारतो, समोरची सिंधी वहिनी विचारते, "आंटी, अब किसके लिए?" कचरागाडीवरचा मुलगासुद्धा विचारतो, कारण सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा गोळा करणाऱ्या ह्या शहरात आमच्या घरून त्याला मूठभरसुद्धा मिळत नाही. ओलं सगळं कुंड्यांत जातं, कागद-प्लास्टिक रद्दीवाल्याकडे. "माताजी, आपके यहाँ कुछ निकलता ही नहीं?" म्हणाला एकदा. नाही निघत. काय करू?

तर ही काटकसर आता कशाला, असं सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

मिल बंद पडली, ह्यांनी टाइम ऑफिस सोडून सियागंजातल्या पेढीवर हिशेब लिहिले, मी साड्यांना फॉल लावले, ही गोष्ट सांगत नाही. ज्यांच्या घरात ती घडली त्यांना पाठ आहे. बाकीच्यांना मिल म्हणजे आता चौकाचं नाव. पण 'बिचारीला तेव्हापासून सवय लागली' हे उत्तर तुम्ही आपापसांत ठरवून टाकलंय, ते मला मान्य नाही. सवय त्याआधीची, माहेरची. माझे वडील ग्वाल्हेरला मास्तर होते, पगार वेळच्या वेळी यायचा, ददात कशाची नव्हती. तरी आमच्याकडे लुगड्याचा प्रवास ठरलेला: बाहेर नेसायचं, मग घरात, मग गोधडीचं अस्तर, मग पायपुसणं, शेवटी कंदिलाची काच पुसायचं फडकं. वडील रोज रात्री वही लिहीत. जमा, नावे, शिल्लक. ताईला आणि मला बेरजा-वजाबाक्या त्या वहीत शिकवल्या, पाटीवर नाही. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिची बेरीज चुकली असं मी कधी पाहिलं नाही.

काय काय करते तेही सांगते, म्हणजे चर्चेला खाद्य होईल. एप्रिलात लोकवन गव्हाचं पोतं येतं. शरबती परवडत नाही असं नाही, लोकवनच्या पोळ्या मला वाईट लागत नाहीत, एवढंच. गच्चीवर ऊन द्यायचं, चाळायचं, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरायचं. भाजी चोइथराम मंडीतून आठवड्याची, चार घरांत वाटून. लसूण वर्षाचा एकदम, मंदसौरकडचा, जुड्या बांधून टांगलेला. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवायचे, कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बारीक. सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख. आम्हा दोघांना तो दोन महिने जातो. एकदा ७२ दिवस गेला, त्या तारखेभोवती मी लाल गोल काढला होता. सांचीच्या दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापायचा नाही, लटकता ठेवायचा, धुऊन वाळवायची. सायीचं तूप घरचं. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी, आणि त्यावर सेव. इंदूरमध्ये सेव घातली की कुठलाही पदार्थ शिळा राहत नाही.

पाण्याचं मात्र मलाही नीट सांगता येणार नाही. नर्मदा आमच्याकडे एक दिवसाआड येते. जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवून आणतात तिला. १९७८ साली ती शहरात आली आणि पुढच्या वर्षी मी लग्न होऊन आले, त्यामुळे त्याआधीच्या पाण्याच्या कहाण्या सासूबाईंच्या तोंडून भरपूर ऐकल्या. आज भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, आरओचं सांडपाणी फरशीला. आता पाण्याचं बिल महिन्याला ठरलेलं. दहा बादल्या वाचवल्या तरी पैसा एक वाचत नाही, हे मला कळतं. तरी वाचवते. म्हणजे बघा, हे पैशासाठी नव्हेच, असं मी म्हणू शकते. म्हणतेही. सून त्याला 'सस्टेनेबल' म्हणते, तेव्हा मी कौतुक करून घेते.

पण लाइटचं तसं म्हणता येत नाही. आणि तुमच्या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलं नाही ते लाइटमुळे.

मध्यप्रदेशात राहणाऱ्यांना गृह ज्योती योजना समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच: महिन्याला १५० युनिटांच्या आत राहिलात तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत, वरच्यांना नेहमीचा दर. १५० ओलांडले की सवलत गेली, सगळेच्या सगळे नेहमीच्या दराने. म्हणजे तो वरचा एक युनिट चारशेच्या पुढे पडतो. दिवसाला पाच युनिट. पूजा झाली की जिन्यातल्या मीटरचा आकडा वहीत लिहायचा, कालचा वजा करायचा. साडेचार आले की दिवस चांगला जातो. सहा आले तर मी ह्यांच्याकडे बघते आणि ते पंखा बंद करायला उठतात.

ताई दर मे महिन्यात यायची. आई-वडील गेल्यावर तिला माहेर म्हणून माझंच घर. खरं तर धाकट्या बहिणीकडे कसलं माहेरपण, पण यायची. ग्वाल्हेरचा मे म्हणजे भट्टी. "शब-ए-मालवा गं बेबी, तुझ्याकडे रात्री झोप लागते," म्हणायची. पंधरा-वीस दिवस राहायची. कैऱ्या किसायची, कुरडया घालायची, मला काही हलवू द्यायची नाही.

२०२३ चा मे. माळव्याच्या गार रात्री आता गोष्टीतच उरल्यात. चहूकडे सिमेंट, पहाटेपर्यंत भिंती तापलेल्या. ताईला दिवाणखान्यात दिवाणावर झोपवलं होतं, खिडकीत कूलर. वर छताचा पंखा आहे, पण त्याला आवाज येतो म्हणून बंद. रीडिंग बारा तारखेला. दहा तारखेच्या रात्री मी आकडा पाहिला तर महिन्याचे १४७ झालेले. ताई आल्यापासून कूलर दुपारीही चालत होता, मिक्सर जास्त, इस्त्री एकदा. उरले तीन युनिट आणि दीड दिवस. त्यातला दीड युनिट फ्रिजचाच.

झोप आली नाही. पडल्या पडल्या हिशेब करत होते. कूलर दोनशे वॅटचा, म्हणजे पाच तासांना एक युनिट. रात्री एकला बंद केला तर सकाळी सहापर्यंत एक युनिट वाचतो. एकला थोडा गारवा आलेलाच असतो, ती गाढ झोपलेली असेल, तिला कळायचंही नाही. असं मी स्वतःला पटवलं, आणि उठले.

अंधारात बटण चाचपलं. कूलर थांबला की घर एकदम किती शांत होतं, तुम्हाला माहीत असेल.

"बेबी, लाइट गेली का गं?"

ती जागीच होती.

मी म्हटलं, "हो. गेली."

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला. आमचा फ्रिज जुना आहे. सुरू होताना आधी खडखडतो, मग घुमायला लागतो. त्या शांततेत तो सगळ्या घरात ऐकू आला. मी बटणाजवळ उभी. ती दिवाणावर उठून बसलेली, मला तिची नुसती आकृती दिसत होती. दोघींनी तो आवाज ऐकला. किती वेळ, सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "बरं." उशाचं वर्तमानपत्र घेतलं आणि वारा घालायला लागली.

मी बटण परत दाबलं नाही. इथे थांबून तुम्ही मला जे म्हणायचं ते म्हणा, कारण ते मी स्वतःला रोज म्हणते. तेव्हा दाबता आलं असतं. "अगं, चुकून हात लागला," म्हटलं असतं तर ती हसली असती. पण मग 'लाइट गेली' खोटं ठरलं असतं. ते तर ठरलंच होतं, तरी मी आत जाऊन पडले आणि भिंतीपलीकडून कागदाचा आवाज ऐकत राहिले.

सकाळी ती नेहमीसारखी. पोहे तिनेच केले. दुपारी म्हणाली, मुलाचा फोन होता, जरा काम आहे, लवकर निघते. मी फोन वाजलेला ऐकला नव्हता. बारा तारखेच्या रात्रीच्या गाडीत ह्यांनी तिला बसवून दिलं. महिनाअखेरपर्यंत राहायची होती.

त्या रात्री वही उघडली. जमेच्या रकान्यात तिच्या अक्षरात एक ओळ होती, वडिलांनी शिकवलेल्या वळणाची: 'लाइट, ताई, ५००.' पानात पाचशेची नोट. चारशेच्या पुढे काय पडतं ते मीच तिला आल्या दिवशी मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं. तिने वर गोल आकडा दिला.

आणि बिल आलं १४९ चं. आता खरंच सांगायचं तर, आकडा पाहिल्याबरोबर मला आनंद झाला. एक क्षणभरच. पण झाला. ताईची आठवण त्यानंतर आली.

मी त्या रात्रीच्या बाईशी पुष्कळ भांडले आहे. ती सोपी नाही. म्हणते, तू आता शहाणपण शिकवतेस, पण ह्याच हिशेबावर मुलगा इथल्या एसजीएसआयटीएस कॉलेजातून इंजिनिअर झाला, पहिली फी कुणाकडे हात न पसरता भरली, ते कसं चाललं तुला? तेव्हाही पाहुणे आले की मी चहात दूध कमी घालत होते, तेव्हा नाही टोचलं? मी म्हणते, तेव्हा गरज होती. ती विचारते, गरज कुठल्या तारखेला संपली ते सांग, मी त्या तारखेपासून थांबले असते. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. अंथरूण लांब झालं तेव्हा पायांना कुणी कळवलंच नाही.

मुलाला हे कधीतरी ह्यांच्याकडून कळलं. तो पुण्याहून म्हणाला, "आई, मी दर महिन्याला पाचशे रुपये वेगळे पाठवत जाईन, फक्त लाइटचे. तू मीटर बघू नकोस." मी इतकी चिडले की दोन दिवस फोन घेतला नाही. पाचशे रुपयांचा प्रश्न आहे का? मग कशाचा आहे, त्याने विचारलं. तेही मला सांगता आलं नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याने न विचारता एसी पाठवला. भिंतीवर लावलाय. वर मी जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलंय, धूळ बसते म्हणून. सून म्हणते, "आई, तुम्ही पण ना." मला कंजूष म्हणायचं तिने अजून टाळलंय. तिच्या जागी मी असते तर टाळलं नसतं.

पण एवढ्यावरून तुम्ही जिंकलात असं समजू नका. दहा मिनिटांत घरी कोथिंबीर मागवून वर तीस रुपये देणारी माणसं मला 'आता कशाला' विचारतात, तेव्हा माझा पारा चढतो आणि चढलेलाच बरा. गहू कोठीत भरणं चूक नाही, डाळ भिजवणं चूक नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा लटकता ठेवण्याने जगात कुणाचं वाईट झालेलं नाही. कुठल्या बटणापर्यंत ते चांगलं असतं, हे कळलं असतं तर हा लेख दोन ओळींत संपला असता.

ती पाचशेची नोट मी खर्च केली नाही. वहीत ती जमा आहे आणि पेटीत धरलेली नाही, त्यामुळे तेव्हापासून शिल्लक दर महिन्याला पाचशेने चुकते. ह्यांनी दोनदा शोधून दिली चूक. मी म्हटलं, राहू द्या.

ताईशी बोलणं होतं, आठवड्यातून दोनदा. त्या रात्रीबद्दल ना तिने काढलं ना मी. पण मे महिन्यात ती तेव्हापासून आलेली नाही. एकदा गुडघे, एकदा नातवाची परीक्षा. परवा नाटकाहून आल्यावर मीच फोन केला. म्हटलं, "ताई, एसी लावलाय गं मुलाने. ये ना ह्या मेमध्ये."

ती थोडी थांबली. म्हणाली, "मेमध्ये नको बेबी. थंडीत येईन. थंडीत काही लागत नाही."

मी म्हटलं, ये, नक्की ये. आणि फोन ठेवायच्या आत माझ्या डोक्यात आलं, थंडीत गीझर असतो.