सॅम्पल पुण्यालाच का नाही मागवत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. युगांडातून सुट्टीवर आले की हा प्रश्न ठरलेला असतो: "एका पीसीआरसाठी, म्हणजे रोगजंतूचं जनुकीय द्रव्य ओळखायच्या चाचणीसाठी, तिकडे लॅब चालवायचा एवढा खटाटोप कशाला? सॅम्पल पुण्याला मागवा, चार दिवसांत रिपोर्ट." विचारणारे बरेचदा स्वतः लॅबमधलेच असतात आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही. एका सॅम्पलमागचा खर्च इकडे कमीच येईल.

मी दरवेळी 2014 सालाबद्दल बोलते. गिनीतल्या मेलियांदू गावात डिसेंबर 2013 मध्ये एक लहान मूल दगावलं. मग त्याच्या घरातली माणसं गेली, मग त्यांची सेवा करणारी. हा इबोला आहे हे कळलं मार्च 2014 मध्ये, सॅम्पल विमानाने युरोपात गेली आणि फ्रान्सच्या लिऑनमधून उत्तर आलं तेव्हा. उशिराचा सगळा दोष लॅब नसण्याला देणार नाही. पश्चिम आफ्रिकेत इबोला असेल असं तेव्हा कुणाच्या मनातच नव्हतं. पण तीन महिने गेले ते गेलेच. पुढे त्या साथीने 11 हजारांवर माणसं नेली.

त्याच वर्षी जुलैत इबोलाचा एक रुग्ण विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला. डॉ. अमेयो स्टेला अदादेवो यांनी त्याला हॉस्पिटलबाहेर जाऊ दिलं नाही. पुढे त्या स्वतःही इबोलाने गेल्या. निदान मात्र देशातल्या देशात झालं, लागोसमध्येच आणि रिडीमर्स विद्यापीठातल्या क्रिश्चन हॅपी यांच्या लॅबमध्ये. लागोससारख्या अफाट गर्दीच्या शहरात शिरलेली साथ अख्ख्या नायजेरियात 20 रुग्ण आणि 8 मृत्यूंवर थांबली. संपर्कातल्या माणसांना घरोघर शोधणाऱ्यांचं श्रेय मोठं आहे, पण कुणाला शोधायचं हे ठरायला आधी रिपोर्ट हातात लागतो.

आता पुण्याचंच घ्या. युगांडातल्या एंटेबेत 1936 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने यलो फीवरसाठी संस्था काढली. तिथल्या शास्त्रज्ञांना 1947 मध्ये झिका जंगलातल्या एका माकडात नवा विषाणू मिळाला, तोच झिका. त्याच फाउंडेशनच्या मदतीने 1952 मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभं राहिलं, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही. पाचच वर्षांत कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला माकडं मरायला लागली आणि त्यामागचा क्यासनूरचा विषाणू पुण्याच्या लोकांनी शोधला. 2021 मध्ये पुरंदरच्या बेलसरला झिका निघाला, तोही पुण्यातच कळला. "सॅम्पल अमेरिकेला पाठवा की" असं तेव्हा आपल्याला कुणी म्हटलं असतं, तर आपल्याला कसं वाटलं असतं?

खटाटोप आहे, हे मात्र खरं. पीसीआरचं एन्झाइम उणे 20 वर ठेवावं लागतं. आमचा एक डबा कस्टम्समध्ये नऊ दिवस पडून राहिला. उघडला तेव्हा कोरड्या बर्फाचा मागमूस नव्हता आणि नळ्या हाताला कोमट लागत होत्या. तेव्हापासून जमेल तिथे फ्रीझ-ड्राय केलेला, म्हणजे गोठवून सुकवलेला मास्टर मिक्सच (पीसीआरच्या रसायनांचं तयार मिश्रण) मागवतो. वीज हा तर रोजचाच विषय. गेली की स्टॅबिलायझर, यूपीएस, जनरेटर आणि जनरेटरच्या डिझेलची पावती.

पण याहून मोठी गोष्ट मी एका जेलमध्ये पाहिली, म्हणजे पीसीआरनंतर डीएनए ज्यात चालवून बघतात त्या थरथरत्या पातळ वडीत. शेवटच्या खान्यात निगेटिव्ह कंट्रोल होता, म्हणजे डीएनए नाही, नुसतं पाणी. यूव्हीखाली धरलं तर तिथेही बँड, म्हणजे डीएनएची चमकती पट्टी. फिकट, पण होता. आमची टेक्निशियन, सव्वीस वर्षांची मुलगी, मला म्हणाली, "न्याबो (म्हणजे मॅडम), दोन आठवड्यांचे सगळे रिझल्ट फेकावे लागतील." मी काही बोलायच्या आत तिने वहीवर रेघ मारलीसुद्धा. मग बाकं, पिपेट, फ्रीझरचं हँडल असं एकेक पुसून त्याचा पीसीआर लावत गेली. जेलच्या खोलीतलं एक पिपेट मास्टर मिक्सच्या खोलीत आलं होतं, आणि त्याच्याबरोबर तिथला डीएनए. आता दोन्ही खोल्यांचे पांढरे कोट वेगळे, पिपेटांना रंगीत टेप, आणि जेलच्या खोलीतून उलटं यायला बंदी, मलासुद्धा.

असं माणूस तयार व्हायला चार वर्षं लागतात, आणि प्रोजेक्ट असतो तीन वर्षांचा. मशीन देणारे पुष्कळ भेटतात. पाचव्या वर्षी त्या टेक्निशियनचा पगार आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरची फी कोण देणार, हे विचारलं की बैठकीत सगळे गप्प होतात. मला राग येतो तो इथे. बिघडलेल्या मशीनवर कापड घालून ठेवलेलं पाहिलं की पोटात कालवतं. तुम्हाला कधी मदत करावीशी वाटलीच, तर कृपा करून त्या पाचव्या वर्षासाठी करा.

उत्तर युगांडात आर्टेमिसिनिनला, म्हणजे मलेरियावरच्या मुख्य औषधाला, दाद न देणारा मलेरियाचा परजीवी सापडल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. आमची टेक्निशियन त्याच भागातली. आता ती एमएस्सी करते आहे आणि तिचा प्रश्न तिने स्वतः काढलाय: तिच्या गावच्या दवाखान्यात औषध घेऊनही तिसऱ्या दिवशी ज्या मुलांच्या रक्तात परजीवी दिसतो, त्यांच्यातल्या परजीवीत केल्च-13 जनुकाचे (या औषधाला दाद न देण्याशी जोडलेलं जनुक) कोणते बदल आहेत? फिल्टर पेपरवर वाळवलेले रक्ताचे ठिपके पाकिटांत भरून तयार आहेत. पहिली बॅच ती पुढच्या महिन्यात लावणार आहे. मी सुट्टी आवरती घेतेय ती त्यासाठीच.