एका शेडमधले दोन कुत्रे

मे महिन्यातली दुपार, पावणेतीनची वेळ. पारा 44 वर. पारोळ्याकडच्या एका कापूस-मका करणाऱ्या शेतकऱ्याने एकाच गाडीतून दोन कुत्रे आणले. एक तीन वर्षांचा पग, म्हणजे चपट्या तोंडाच्या छोट्या जातीचा, वजन साडेअकरा किलो. या जातीला सहा ते आठ किलो पुरे. दुसरा त्याचाच पोरगा, चौदा महिन्यांचा, आई शेतावरची गावठी कुत्री, म्हणजे हा क्रॉस. दोघेही सकाळी दहापासून पत्र्याच्या एकाच शेडमध्ये बांधलेले, दोघांपुढे पाणी ठेवलेलं. असा जोड दवाखान्यात क्वचितच येतो. ऊन तेच, पत्रा तोच, फरक फक्त दोघांच्या ठेवणीचा.

पग ओल्या टॉवेलात गुंडाळलेला होता. जीभ विटकरी लाल, तोंडाला चिकट लाळ, श्वास घेताना घशातून करवतीसारखा आवाज. "याले काय जयं, डाक्टर? अंग तापेल व्हतं म्हणीसन तापनी गोयी दिधी," मालक म्हणाले.

थर्मामीटरवर 109.2 फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं 101 ते 102.5 असतं. 106 च्या पुढे गेलं की आतड्याचं अस्तर, मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची यंत्रणा एकामागून एक बिघडू लागतात. तापाच्या गोळीचा इथे काही उपयोग नाही. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूचा हुकूम बरोबरच असतो, उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. गोळीने फक्त यकृतावरचा बोजा वाढतो. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं तर पोट आणि मूत्रपिंड आणखी बिघडवतात.

आधी टॉवेल काढला. अंगावर ठेवून दिलेला ओला टॉवेल पाचेक मिनिटांत गरम होतो आणि मग उष्णता आतच कोंडून ठेवतो. पोट, काखा, जांघा आणि पंजांवर साधं पाणी ओतत राहिलो, समोर टेबलफॅन लावला. वाहतं पाणी आणि वारा ही जोडी लागते, नुसतं भिजवून भागत नाही. तोंडासमोर ऑक्सिजन धरला. पुढच्या पायाच्या शिरेत 22 नंबरची कॅथेटर (बारीक नळी) टाकून रिंगर लॅक्टेटचं सलाइन सुरू केलं, किलोला 15 मिली या हिशेबाने साधारण 170 मिली वीस मिनिटांत. रक्तातली साखर 58 म्हणजे कमी निघाली, म्हणून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं. शांत करण्यासाठी ब्युटॉर्फेनॉलचा हलका डोस दिला. घाबरलेला पग जितक्या जोराने श्वास ओढतो तितका त्याचा घसा आतल्या बाजूला सुजत जातो आणि वाट आणखी अरुंद होते. श्वासनलिकेत घालायची ट्यूब उघडून ठेवली होती. या वजनाच्या दुसऱ्या कुत्र्याला लागेल त्यापेक्षा दोन नंबर बारीक, कारण पगची श्वासनलिकाच मुळात अरुंद असते. ती वापरावी लागली नाही. 103.4 ला पाणी थांबवलं. त्यानंतरही तापमान आपोआप आणखी उतरतं, आणि हात थांबवला नाही तर ते 99 च्या खाली जाऊन नवीनच संकट उभं राहतं.

श्वास जरा बसल्यावर कापसाची एक बारीक तार त्याच्या नाकपुडीसमोर धरली. डावीकडे ती हललीच नाही, उजवीकडे जेमतेम थरथरली. नाकपुड्या म्हणजे नुसत्या दोन चिरा. आत टाळूचा मऊ पडदा घशाच्या दारावर लोंबलेला. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं आणि नाकातलं पाणी उडवतो आणि त्यातून थंड होतो. चपट्या तोंडात ती ओली जागाच फारशी उरलेली नाही, शिवाय धापा टाकण्याची मेहनत स्वतःच अंग तापवते. त्यात तीन-साडेतीन किलो जास्तीची चरबी.

मग पोरगा टेबलावर घेतला. तापमान 103.6, जीभ गुलाबी, नाक बापापेक्षा दुपटीने लांब, कापसाची तार दोन्हीकडे सपासप हलत होती. त्याला पाणी आणि सावली एवढंच लागलं. मालक लगेच म्हणाले, "मंग क्रॉसच बरा!"

इथे मी त्यांना थांबवलं. हा कुत्रा टेबलाजवळ येताना चार-सहा पावलांमागे उजवा मागचा पाय एकदा उचलून उडी मारल्यासारखा चालत होता. पाय सरळ करून गुडघ्याची वाटी अंगठ्याने आतल्या बाजूला दाबली, ती खोबणीतून टक्कन सरकली आणि पाय वाकवल्यावर काही वेळ तिथेच राहिली. दुसऱ्या श्रेणीचं सरकणं. हा मुख्यतः लहान जातींचा आजार आहे. गावठी कुत्रीच्या लांब नाकाबरोबर पगचा गुडघाही आला होता. त्याच वेतातलं एक पिल्लू गावात कुणाकडे तरी आहे, ते बापासारखंच चपट्या तोंडाचं असून रात्रभर घोरतं, असं मालकच म्हणाले.

क्रॉसमधून नेमकं काय टळतं, याचा हिशेब 2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी मांडला होता. 27 हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी, 24 आनुवंशिक आजार. दहा आजार शुद्ध जातींत जास्त आढळले. तेरांमध्ये फरकच नव्हता, आणि त्या तेरांत गुडघ्याची वाटी सरकणं आणि खुब्याचा सांधा सैल असणं हे दोन्ही होते. गुडघ्याचा सांधा धरून ठेवणारा पट्टा (क्रूसिएट लिगामेंट) तुटणं तर मिश्र कुत्र्यांत जास्त. लॅब आणि जर्मन शेफर्ड यांचा क्रॉस आपल्याकडे शेताच्या राखणीला हौसेने पाळतात. खुबा दोन्ही जातींचा कच्चा, मग पिल्लाला दुसरीकडून चांगला मिळणार कुठून? पग आणि शिह त्झूच्या क्रॉसलाही तेच. दोन्हीकडे नाक आखूडच.

शुद्ध जातीची बाजूही मालकांना सांगितली, कारण ती खरी आहे. लॅबचं पिल्लू पंचवीस-तीस किलोंचं होणार, मुलांत रमणार आणि दोन वर्षांचं झाल्यावर खुब्याचा एक्स-रे काढायचा, हे आधीच ठाऊक असतं. क्रॉसमध्ये अंगात कोणतं रक्त आहे हे कळत नसेल तर औषधही जपून द्यावं लागतं. कोली या मेंढ्या राखणाऱ्या जातीचा अंश असेल आणि कुणी गोठ्यातल्या गुरांच्या मापाने आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांचं औषध टोचलं, तर कुत्रा झटके येऊन जाऊ शकतो. कागद असलेलं पिल्लू घ्यायचं, तर कागद फक्त वंशावळ सांगतो. निरोगीपणाचा दाखला तो नव्हे.

मालकांच्या मनात दुसराच बेत होता. 'हाफ पग'ला गिऱ्हाईक आहे, म्हणून या पोराचं आणखी एका पग मादीशी मेटिंग. मी स्पष्ट नाही म्हणालो. अशा वेतात चपटं तोंड आणि सरकता गुडघा दोन्ही एकाच पिल्लात येण्याची शक्यता वाढते. क्रॉस करायचा तर नेमकं काय काढून टाकायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं. डाल्मेशियनच्या लघवीत युरिक आम्ल जास्त उतरतं आणि खडे होतात. 1973 मध्ये अमेरिकेत एका डाल्मेशियनचा पॉइंटर या दुसऱ्या जातीशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. निरोगी जनुक राहिलं, ठिपकेही राहिले. त्या वंशाला शुद्ध जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने 2011 मध्ये कायमची मान्यता दिली. मधे 38 वर्षं गेली.

पगला तीन दिवस ठेवलं. उष्माघातात कुत्रा सावरल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कोसळू शकतात, म्हणून घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके उठले, प्लेटलेट्स 62 हजारांपर्यंत उतरल्या. लघवी मात्र किलोला तासाला एक मिलीच्या वर येत राहिली, म्हणजे मूत्रपिंडं चालू होती; तिसऱ्या दिवशी ठिपके थांबले.

घरी नेताना त्यांनी पत्र्याचं शेड सोडून निंबाखाली जागा करायचं कबूल केलं. फिरवणं सकाळी सातच्या आत, गळ्यात पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, तूप लावलेली भाकरी बंद. पोराची नसबंदी पावसाळ्यानंतर ठरली, तोवर दर महिन्याला गुडघा दाखवायचा. पगच्या नाकपुड्या रुंद करण्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर, थंडीत. पण त्याआधी वजन आठ किलोवर आलं पाहिजे, नाहीतर भूल देणार नाही, हे मी त्यांना फाइलवर लिहूनच दिलं.