इम्प्लांट काढायच्या आधी ते कार्ड शोधा

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, तिच्या ओळखीतल्या एका ताईंना ब्रेस्ट इम्प्लांट काढून टाकायचंय आणि घरात कुणाशी बोलायची सोय नाही. त्यांच्याशी तासभर बोलले. फोन ठेवल्यावर वाटलं लिहूनच टाकावं, कारण माझ्या वेळी मला हे मराठीत सांगणारं कुणी नव्हतं.

माझं असं की २०१२ मध्ये डाव्या बाजूचा कॅन्सर निघाला, पूर्ण स्तन काढला, त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉन जेल भरलेली पिशवी, बसवलं आणि नंतर रेडिएशन झालं. डिस्चार्जच्या वेळी एटीएम कार्डाएवढं एक कार्ड दिलेलं, त्यावर स्टिकर, कंपनीचं नाव, सीसीमध्ये साइज, सिरियल नंबर. मी ते किमोच्या बिलांच्या फायलीत ठेवलं आणि घर बदलताना ती फाईलच गेली. तेव्हा काही वाटलं नाही, जीव वाचलाय तर कार्डाचं काय एवढं.

मग जुलै २०१९ मध्ये बातमी आली. ॲलर्गन कंपनीने बायोसेल नावाची टेक्स्चर्ड म्हणजे खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली, कारण अशा इम्प्लांटभोवती बीआयए-एएलसीएल नावाचा कॅन्सर होऊ शकतो. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, लिम्फोमा म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे, दुर्मिळ आहे, पण होतो. बहुतेक वेळा सुरुवात अशी की कित्येक वर्षांनी एक बाजू अचानक सुजते, आत पाणी साठतं. असं झालं तर कुणी नुसतं पाणी काढून फेकून देऊ नये, ते तपासायला पाठवायला सांगा, त्यात सीडी३० नावाची टेस्ट करतात. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी घाबरून काढून घ्यायची गरज नाही असं तेव्हाही अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, स्पष्ट म्हटलं होतं.

पण माझं कुठलं होतं हेच मला माहीत नव्हतं! हॉस्पिटलात गेले तर एवढं जुनं रेकॉर्ड आता नाही म्हणाले. नियमाने त्यांना ३ वर्षंच ठेवावं लागतं. त्या ३ वर्षांत लेखी मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, हे मला तेव्हा माहीत असतं तर! म्हणून सांगते, ज्यांच्या आत आज इम्प्लांट आहे त्यांनी कार्डाचा फोटो काढून दोघातिघांच्या मोबाईलवर ठेवा, आणि ऑपरेशनची नोट मागून घ्या. मला एवढंच आठवत होतं की सर्जन थेंबाच्या आकाराचं बसवू म्हणाले होते, आणि नंतर कळलं की त्या आकाराची टेक्स्चर्डच असतात, म्हणजे आत फिरत नाहीत.

२०२२ मध्ये ती बाजू दगडासारखी कडक व्हायला लागली आणि वर ओढल्यासारखी दिसायला लागली, हात वर केला की दुखायचं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करतं, कॅप्सूल म्हणतात, ते सगळ्यांनाच होतं, पण काहींचं आवळत जातं, आणि रेडिएशन झालेल्यांना हे जास्त होतं. एमआरआय केला, पालथं झोपवून करतात, त्यात फाटलेली पिशवी जेलमध्ये शेवयांसारखी दिसत होती. फाटलंय हे मला बाहेरून अजिबात कळलं नव्हतं. इम्प्लांट जन्मभराची वस्तू नाही. सिलिकॉनचं असेल तर त्रास नसला तरी पाचसहा वर्षांनी आणि मग दर दोनतीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून बघावं असं एफडीए सांगते. मला ते १० वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. सर्जनला विचारा की नुसतं इम्प्लांट काढणार का कॅप्सूलही, आणि कॅप्सूल किती. नेटवर सगळीकडे एन ब्लॉक एन ब्लॉक चालू असतं, म्हणजे पिशवी न उघडता आवरणासकट अख्खं काढायचं. तो लिम्फोमा असेल तर तसंच काढायला हवं, पण बाकी प्रत्येकीला ते लागतंच असं नाही. माझ्या डॉक्टर म्हणाल्या की मागची बाजू बरगड्यांना चिकटली असेल तर ओढून काढताना फुफ्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकतं, तिथे मी हट्ट करणार नाही. मला त्यांचं हे प्रामाणिक वाटलं. जे काढाल ते पॅथॉलॉजीला पाठवा एवढं मात्र मी लिहून घेतलं. रिपोर्ट स्वच्छ आला.

आणि नंतर छाती कशी दिसणार हे आधी बोला, लाजू नका. परत इम्प्लांट, पाठीचा किंवा पोटाचा फ्लॅप (म्हणजे तिथलं स्वतःचंच मांस-कातडी छातीवर लावणं), किंवा सरळ सपाट. मी सपाट निवडलं. पण सपाट म्हणजे जास्तीची चामडी कापून नीट शिवायची, हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर घड्या राहतात.

ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, आठवडाभर होता, किती पाणी आलं ते मिस्टर रोज सकाळी वहीत एमएलमध्ये लिहायचे. जड उचलणं महिनाभर बंद, कुकरसुद्धा नाही.

ज्यांनी हौसेने बसवून घेतलं आणि आता काढायचंय त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. थकवा, सांधेदुखी, डोकं सुन्न होणं असं बऱ्याचजणी सांगतात, त्याची एक अशी टेस्ट नाही, काढल्यावर अनेकींना बरं वाटतं, सगळ्यांना नाही, थायरॉइड वगैरे आधी बघून घ्या. इन्शुरन्समध्ये कॉस्मेटिक सर्जरी बसत नाही, पण कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन किंवा तब्येतीला थेट धोका आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्याला अपवाद आहे, एक्सक्ल ०८ (इंग्रजीत Excl08) हे कलम पॉलिसीत शोधा. माझा क्लेम आधी नाकारला होता, त्या पत्रावर पास झाला.

काढलेलं इम्प्लांट मला बघायचंय असं आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सिस्टरने डब्यात आणून दाखवलं. पिवळसर, चिकट, पण मागच्या गोल चकतीवरचे आकडे वाचता येत होते. परत मागवलेल्यांतलं नव्हतं. दहा वर्षांनी माझा सिरियल नंबर मला मिळाला, आणि तो मी आता डिस्चार्ज पेपरवर पेनने लिहून ठेवलाय.