फ्रीजचा स्विच

शनिवार, सकाळ

काल साडेसातला स्वयंपाकघरातला रेडिओ लावला. लेस्टरला आल्यापासून उन्हाळ्यातली ही सवयच झालीय. प्रॉम्स म्हणजे बीबीसीचा लंडनमधला उन्हाळी संगीतमहोत्सव; त्याचा अल्बर्ट हॉलमधला प्रत्येक कार्यक्रम बीबीसी रेडिओ ३ वर थेट लागतो, आणि लंडनच्या रेल्वेचं भाडं बघितलं की ओट्याशेजारची खुर्ची बरी वाटते. काल रशियन संगीतकार चायकोव्स्कीची सहावी सिंफनी होती, ‘पथेटिक’.

सांगलीहून सासूबाई आल्यात. टेबलावर गवार मोडत बसल्या होत्या. सनईसारख्या ओबोने एक सूर धरला, बाकीचे त्याला आपापली वाद्यं मिळवायला लागले, तशी त्यांनी मान वर केली. “तंबोरे लावायला लागलेत होय गं?” मग शनिवारी रात्री साडेनऊचा आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आठवला त्यांना. तो सुरू झाला की त्यांचे वडील घरात भांडं वाजू द्यायचे नाहीत म्हणे.

मधेच एक घोळ. कपड्यांच्या घड्या घालताना वरच्या खोलीतला जुना एफएम लावला होता, तो तसाच राहिला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल रेडिओचा आवाज एफएमच्या मागून, दोन-चार सेकंदांनी येतो. त्यामुळे जिन्यात उभं राहिलं तर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येई, आधी माडीवर आणि मग स्वयंपाकघरात. ‘थेट’ म्हणतात ते हे असं. खुद्द अल्बर्ट हॉलही पूर्वी घुमणाऱ्या आवाजासाठी बदनाम होता. १९६९ साली छताखाली फायबरग्लासच्या मोठाल्या तबकड्या टांगल्या तेव्हा कुठे जरा बरं झालं. लोक त्यांना मशरूम म्हणतात. आमच्या जिन्यात काय टांगणार? वर जाऊन एफएम बंद करून आले.

तिसरा भाग म्हणजे नुसता दणका. झांजा, पितळी वाद्यं, सगळं अंगावर येतं, आणि शेवट असा ठासून होतो की लोकांना राहवत नाही. कालही टाळ्या पडल्याच. आईही म्हणाल्या, “वा! झालं ना? गॅस पेटव आता.”

“नाही आई, अजून एक भाग आहे.”

“आणि काय राहिलं?”

राहिलं होतं ते सगळं उलटंच. चौथा भाग संथ, खाली खाली उतरत जाणारा. १८९३ साली पीटर्सबर्गला चायकोव्स्कीने स्वतः ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला, म्हणून लोक या शेवटात त्याचं मरण शोधतात. मला ते ओढूनताणून वाटतं. आईंना यातलं काहीएक ठाऊक नव्हतं, तरी गवारीवरचे हात थांबलेच की.

अगदी शेवटी फक्त चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं उरतात, तेही इतक्या हळू की आमच्या घरात फ्रीजची घरघर त्यांच्यावर मात करायला लागली. मी रेडिओला कान लावला. आई उठल्या आणि त्यांनी सरळ भिंतीवरचा फ्रीजचा स्विच बंद केला.

आता ऐकू आलं. बासचे ते ठोके, एक, मग जरा थांबून एक, मग नाहीच. त्यानंतर कोणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी खोकला गिळला, एवढंच. निवेदकही गप्प.

रेडिओवर शांतता म्हणजे बिघाडच समजतात. २००४ च्या जानेवारीत याच केंद्राने अमेरिकन संगीतकार जॉन केजची ‘४ मिनिटं ३३ सेकंद’ थेट ऐकवली, ज्यात वादक काहीच वाजवत नाहीत. तेव्हा शांतता लांबली की आपोआप सुरू होणारी आणीबाणीची यंत्रणा आधी बंद ठेवावी लागली होती. काल किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी खूप वाटला. सीडीवर ही शांतता कापून टाकतात, टाळ्यांसकट.

मग टाळ्या कोसळल्या. आई म्हणाल्या, “किती वेळ कुणी हललं नाही गं. आपल्याकडं समेच्या आधीच वा वा सुरू होतं.”

आज सकाळी दुधाची पिशवी म्हणून फ्रीज उघडला तर आत दिवा नाही. स्विच रात्रभर बंदच. दूध नासलेलं, आणि मंगळवारसाठी ठेवलेलं इडलीचं पीठ झाकण उचलून खालच्या कप्प्यातल्या निवडलेल्या गवारीवर उतरलेलं.

आईंनी बोटाने पीठ चाचपलं. “झकास आलंय. पात्र कुठाय?”