४८ कप्पे आणि माझा फवारा

गेल्या वसंतात माझी टोमॅटोची रोपं तीन रात्रींत आडवी झाली. ट्रेमध्ये ४८ कप्पे, त्यातल्या ४१ कप्प्यांत कोंब ताठ उभे होते. सकाळी उठून पाहते तर एका कोपऱ्यातली सगळी मातीवर झोपलेली. पानं हिरवीगार, पण देठ मातीतून वर येतो नेमका तिथेच पिळल्यासारखा बारीक, तपकिरी आणि बुळबुळीत. मला वाटलं पाणी कमी पडलं. आणखी फवारलं. तिसऱ्या सकाळी नऊ कप्पे शिल्लक राहिले.

रोपं कोलमडणं म्हणतात ते हेच. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या मातीतल्या बुरशी आणि बुरशीसारख्या जीवांचं काम. त्यांना सतत ओली माती, कोंडलेली हवा आणि दाटीवाटीनं उभी रोपं एवढं मिळालं की झालं. मी तिन्हींची सोय चोख केली होती. एकेका कप्प्यात तीन-तीन बिया, उगवण झाल्यावरही न काढलेलं प्लॅस्टिकचं झाकण, आणि येता-जाता फवारा. आई तेव्हाच म्हणाली होती, “अगं, त्यांना जरा तहान तर लागू दे!” पण ऐकतंय कोण.

यंदा पेरणीच्या आधी बियाणं तपासलं. ओल्या कागदी रुमालात दहा-दहा बिया गुंडाळून डब्यात ठेवल्या. टोमॅटोचं पाकीट चार वर्षांचं, तरी दहातल्या नऊ बिया फुटल्या. कांद्याचं त्याच वयाचं, त्यातली एकच. कांद्याचं बी फार टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत त्यातला जीव जातो. हे आधी माहीत असतं तर मागच्या वर्षी महिनाभर रिकाम्या मातीला पाणी घातलं नसतं.

बी किती खोल टाकायचं, तर त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. टोमॅटोला अर्धा-पाऊण सेंटिमीटर पुरे. सॅलडच्या पानांचं, म्हणजे लेट्यूसचं बी तर जवळजवळ वरच ठेवायचं, त्याला उगवायला उजेडाची मदत होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताचं मिश्रण भिजवून मुठीत दाबून पाहिलं. बोटांतून पाणी गळलं तर जास्त झालं, मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटानं टोकलं की फुटला तर जमलं. शेतकरी वाफसा म्हणतात तो मला ट्रेमध्ये असा कळला. वाफशात मातीला ओलही असते आणि हवाही. माझ्या गेल्या वर्षीच्या ट्रेमध्ये नुसता चिखल होता.

फवारा मी माळ्यावर टाकला. अगदी खरं सांगायचं तर शिडी लावल्याशिवाय हाताला लागणार नाही अशा जागी. आता पाणी खालून द्यायचं. ट्रे अर्धा तास उथळ परातीत ठेवायचा, वरची माती ओलसर दिसली की उचलायचा. पुढचं पाणी वरचा थर कोरडा पडल्यावर आणि ट्रे हाताला हलका लागल्यावर. वजनाचा अंदाज चार-पाच दिवसांत येतो.

टोमॅटो सहाव्या दिवशी उगवले. मिरची मात्र ढिम्म. तिला २५ ते ३० अंशांची ऊब लागते आणि खोलीत तेवढी नव्हती. बाराव्या दिवशी मला राहवलं नाही, काडीनं एक बी उकरून पाहिलं. त्याला पांढरं, केसाएवढं मूळ फुटलेलं होतं आणि ते माझ्या काडीनं तुटलं. उरलेल्यांकडे मी बघणंच बंद केलं. एकोणिसाव्या दिवशी सात रोपं वर आली, त्यातलं एक डोक्यावर बियांच्या सालीची टोपी घेऊन. असली टोपी ओढून काढायची नाही, पानंच तुटून येतात. पाण्याचा एक थेंब ठेवून तासाभरानं काडीच्या टोकानं हलकेच ढकलली की सुटते. (यासाठी फवारा बरा पडला असता, पण नाही उतरवला.)

उजेडाचं प्रकरण राहिलंच. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपांना तो पुरत नाही. ती काचेकडे माना ताणून लांबुडकी, फिक्कट होतात. यंदा ट्रेच्या वर वीतभर अंतरावर साधी एलईडी ट्यूब टांगली, रोज चौदा तास. देठ बुटके आणि जाड झाले. तरी चार टोमॅटो लांबलेच. त्यांना बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतर खऱ्या पानांची दुसरी जोडी आल्यावर मोठ्या कुंडीत हलवताना पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडलं. टोमॅटोच्या देठाला गाडलेल्या भागातून मुळं फुटतात, त्यामुळे ही चूक निस्तरता येते. हलवताना रोप पानाला धरायचं, देठाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेपला की रोपच गेलं.

बाहेर नेण्याआधी आठवडाभर सवय लावायची असते. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त. तिसऱ्या दिवशी मी फोनवर बोलत राहिले आणि रोपं भर दुपारी उन्हात राहिली. पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे पडले. मेली एकही नाहीत, नवी पानं धड आली, पण ते चट्टे पुढे महिनाभर मला टोमणे मारत होते.

घेवडा, काकडी आणि गाजर थेट वाफ्यात टोकलं. गाजराचं सोटमूळ उपटून लावलेलं सहन करत नाही, फाटे फुटतात. घेवड्याची मी घाई केली, माती अजून गार होती. आठ दिवसांनी उकरलं तर बहुतेक बिया फुगून सडलेल्या. दोन आठवड्यांनी, माती हाताला कोमट लागायला लागल्यावर, पुन्हा टोकला. तो आठवडाभरात वर आला आणि पहिल्या पेरणीतल्या वाचलेल्या तीन रोपांना बघता बघता मागे टाकलं. जिथे उगवलं नाही तिथे नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकलं. गाजराच्या ओळीवर मातीची खपली धरू नये म्हणून ओलं गोणपाट अंथरलं आणि दहाव्या दिवसापासून रोज कोपरा उचलून पाहिलं. सोळाव्या दिवशी हिरवे दोरे दिसले, लगेच गोणपाट काढलं.

विरळणी, म्हणजे दाटीतली जास्तीची रोपं काढणं, मात्र अजून जमत नाही. गाजराची केली, दोन बोटांचं अंतर राखून, तेही डोळे अर्धे मिटून. काकडीच्या शेवटच्या आळ्यात आज दोन रोपं उभी आहेत. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात म्हणून एक मातीलगत कापायचं आहे. दोन्ही सारखीच तजेलदार. कात्री कालपासून कट्ट्यावर पडून आहे आणि आई विचारून गेली, “कापतेस की मी कापू?”